एक्सयूव्ही ३एक्सओ: नाशिकच्या रस्त्यांवरचे पहिले महिने

गेल्या दिवाळीच्या सुमारास आम्ही आमची जुनी हॅचबॅक देऊन महिंद्राची एक्सयूव्ही ३एक्सओ घेतली. तेव्हापासून नाशिक शहरात, त्र्यंबकच्या रस्त्यावर, सप्तशृंगीच्या घाटात आणि समृद्धी महामार्गावर ती चालवताना जे जाणवले, ते इथे लिहीत आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. कॉम्पॅक्ट एसयूव्ही या वर्गातल्या गाड्यांचा सर्वांत मोठा गुण म्हणजे त्यांच्या बैठकीची उंची. त्या उंचीपोटी आणखी काय काय स्वीकारावे लागते, हे गाडी घेण्यापूर्वी समजले, तर निवड डोळसपणे करता येते.

आमच्या घरी गाडी बदलण्याचे कारण आईचे गुडघे हे होते. हॅचबॅकमध्ये बसताना तिला आधी खाली वाकावे लागे आणि उतरताना कोणाचा तरी हात धरून वर उठावे लागे. वेगवेगळ्या शोरूममध्ये तिला सोबत नेऊन प्रत्येक गाडीत पुढे आणि मागे बसवून पाहिले, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली की मोठी, तीन रांगांची एसयूव्ही तिच्यासाठी तितकीच गैरसोयीची होती, कारण तिथे पायरीवर चढावे लागत होते. कॉम्पॅक्ट एसयूव्हीची गादी मात्र तिच्या कमरेच्या उंचीला होती. ती सरळ मागे टेकली आणि पाय आत घेतले, एवढ्यात बसणे झाले. "अरे, वाकावंच लागलं नाही मला," असे ती म्हणाली आणि गाडीचा प्रकार तिथेच ठरला. घरात ज्येष्ठ माणसे असतील, तर इंजिनाची चर्चा करण्याआधी त्यांना गाडीत बसवून पाहावे, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगेन.

या गाड्या एवढ्याच आकाराच्या का असतात, यामागे करांचे गणित आहे. २००६च्या केंद्रीय अर्थसंकल्पात लहान गाड्यांना अबकारी करात सवलत मिळाली आणि लहान गाडी म्हणजे चार मीटरपेक्षा जास्त लांब नसलेली, पेट्रोल इंजिन असेल तर १२०० सीसी आणि डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंतची, अशी मर्यादा घालण्यात आली. वस्तू व सेवा कर आल्यावरही हीच रेषा कायम राहिली. २२ सप्टेंबर २०२५पासून या मर्यादेतल्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्के झाला. त्यापूर्वी २८ टक्के कर आणि वर पेट्रोलसाठी एक, तर डिझेलसाठी तीन टक्के उपकर असे. मर्यादेबाहेरच्या एसयूव्हींना ४० टक्के कर लागतो. त्यामुळे आमच्या गाडीची लांबी ३९९० मिलिमीटर आहे, हा योगायोग नव्हे. त्या लांबीत पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर तब्बल २६०० मिलिमीटर ठेवल्याने मागच्या प्रवाशांच्या गुडघ्यांना जागा मिळाली, आणि ती जागा कुठून तरी काढायची म्हणून डिकी आखूड झाली. कंपनी डिकीची क्षमता ३६४ लिटर सांगते. आम्हा चौघांच्या दोन दिवसांच्या सामानाला ती पुरते. लग्नासाठी मोठ्या बॅगा घेऊन निघायचे असेल, तर मागच्या बाकाचा एक भाग पाडावा लागतो. आईच्या सोयीसाठी गाडी घेतल्यामुळे मागे मिळालेली जागा मला डिकीपेक्षा मोलाची वाटते. ज्यांचा प्रवास सतत सामानासह असतो, त्यांनी मात्र आपल्या बॅगा शोरूममध्ये नेऊन मावतात का, ते पाहावे.

३एक्सओ एप्रिल २०२४मध्ये बाजारात आली. ती २०१९च्या एक्सयूव्ही ३००ची सुधारित पिढी आहे, आणि तिची बांधणी नाशिकमध्येच होते. आपल्या गावात तयार झालेली गाडी आपल्याच रस्त्यांवर चालवताना मला खराखुरा अभिमान वाटतो, आणि तो मी लपवणार नाही. तिच्यात ११७ पीएसचे (पीएस हे अश्वशक्तीचे माप) १५०० सीसी डिझेल आणि १२०० सीसीची दोन टर्बो, म्हणजे जादा हवा आत ढकलणारा पंखा असलेली, पेट्रोल इंजिने मिळतात. आम्ही १३० पीएसचे थेट इंजेक्शनचे पेट्रोल इंजिन आणि सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक गिअरबॉक्स अशी जोडी निवडली. डिझेलचा ३०० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे चाके फिरवणारी ओढ, घाटात मोहात पाडणारा आहे. तरीही आमचा रोजचा प्रवास गंगापूर रोडपासून मुंबई नाक्यापर्यंतचा, म्हणजे थोड्या अंतराचा आणि थांबतथांबत होणारा आहे. आजच्या डिझेल गाड्यांमध्ये धुरातली काजळी अडवणारी गाळणी असते, ती तापून स्वच्छ होण्यासाठी अधूनमधून सलग वेगात गाडी चालणे आवश्यक असते. तशी सवड आमच्या रोजच्या धावपळीत मिळाली नसती. शिवाय महाराष्ट्रात एकरकमी वाहनकराचा दर डिझेलसाठी पेट्रोलपेक्षा जास्त आहे. वर्षाकाठी फार मोठे अंतर कापणाऱ्यांचा हिशेब वेगळा येईल. आमचा पेट्रोलच्या बाजूने आला.

खरेदीच्या कागदपत्रांबद्दल थोडेसेच लिहितो, कारण त्यातला एकच भाग सर्वांच्या उपयोगाचा आहे. विक्रेत्याने दिलेल्या पहिल्या कोटेशनमध्ये विम्याची रक्कम आणि अॅक्सेसरीजचे पॅकेज असे एकत्र धरले होते की दोन्ही घेणे बंधनकारकच आहे असे वाटावे. तसे ते नसते. नव्या मोटारीसाठी २०१८पासून तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीचा) सक्तीचा आहे आणि गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा त्यासोबत एक वर्षाचा घेता येतो. तो कोणत्या कंपनीकडून घ्यायचा, हे ठरवण्याचा हक्क ग्राहकाचा आहे. मी बाहेरून तेवढ्याच आयडीव्हीचे (विम्यात धरलेली गाडीची किंमत) आणि झिरो डेप (सुट्या भागांच्या किमतीत घसारा न कापणारे संरक्षण) असलेले कोटेशन मागवले आणि ते शांतपणे टेबलावर ठेवले. त्यानंतर शोरूमचा आकडाही बराच खाली आला. अॅक्सेसरीजपैकी मडफ्लॅप आणि पायांखालचे रबरी मॅट एवढेच घेतले. आवाज चढवण्याची वेळ आली नाही. प्रत्येक रकमेसमोर ती कशाची आहे हे लिहून द्या, एवढीच मागणी मी धरून ठेवली.

नोंदणीपूर्वी गाडी प्रत्यक्ष पाहण्याचा आग्रह मात्र जरूर धरावा, कारण एकदा एमएच-१५चा क्रमांक पडला की गाडी बदलून मागणे जवळजवळ अशक्य होते. विक्रेत्याच्या गोदामात मी सकाळच्या उजेडात गेलो. चॅसिस क्रमांकातले दहावे अक्षर उत्पादनाच्या वर्षाचे असते, २०२५साठी ते 'एस' आहे. टायरच्या कडेवर कोरलेल्या चार आकड्यांपैकी पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात, आणि पाचही टायरांवरचे आकडे जवळपासचे असावेत. बोनेट उघडून ऑइल आणि कूलंटची पातळी पाहिली, सगळ्या काचा खालीवर केल्या, एसी चालू ठेवून इंजिनाचा आवाज ऐकला, आणि दारांच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का, ते बोटाने चाचपून पाहिले. मागच्या दाराखाली वाहतुकीत आलेला एक बारीक ओरखडा दिसला, तो नोंदणीआधी पॉलिश करून देण्याचे लेखी घेतले. गाडी हाती आली त्या दिवशी हार, नारळ, लिंबू सर्व रीतीने झाले आणि पहिला रस्ता अर्थातच काळाराम मंदिराचा होता.

पहिले काही आठवडे माझे लक्ष गाडीच्या रुंदीकडे होते. आरसे सोडून ती १८२१ मिलिमीटर रुंद आहे. रविवार कारंजाच्या परिसरात, जिथे जुनी गाडी मी विचार न करता घालत असे, तिथे आता थांबून अंदाज घ्यावा लागतो. उंच बैठकीमुळे दूरचे फार चांगले दिसते. पुढच्या दोन-तीन गाड्यांपलीकडे काय चालले आहे, हे आधीच कळते आणि ब्रेक घाईने लावावे लागत नाहीत. त्याच उंचीमुळे बोनेटच्या अगदी पुढचा आणि डाव्या बाजूचा जमिनीलगतचा भाग डोळ्यांआड जातो. फूटपाथची कड, सोसायटीच्या आवारातली कुंडी आणि सर्वांत गंभीर म्हणजे खेळणारे लहान मूल त्या भागात असू शकते. सभोवतालचे दृश्य दाखवणारे कॅमेरे मला म्हणूनच आवश्यक वाटतात. तरीही गाडी सुरू करण्यापूर्वी तिच्याभोवती एक फेरी मारण्याचा नियम मी घरातल्या सर्वांना लावला आहे आणि स्वतः पाळतो.

नाशिकमध्ये सध्या २०२७च्या सिंहस्थाच्या तयारीसाठी जागोजागी रस्त्यांची कामे सुरू आहेत. खोदलेल्या कडा, कच्चे वळणरस्ते आणि मापात न बसणारे गतिरोधक यांच्यावरून जाताना २०१ मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीचे पोट आणि जमीन यांतले अंतर, किती उपयोगी आहे, ते रोज कळते. आमच्या जुन्या गाडीचे पोट ज्या गतिरोधकांवर हमखास घासत असे, त्यांच्यावरून ही सहज पार होते. सस्पेन्शन खड्डे मऊपणे पचवते, पण मोठा खड्डा वेगात आला तर धक्का जाणवतोच, आणि जाणवायलाही हवा, नाहीतर चालक वेग कमी करणार नाही. ही गाडी फक्त पुढच्या चाकांवर चालते. फोर व्हील ड्राइव्ह तिच्यात मिळत नाही. म्हणून चिखलाच्या शेतरस्त्यावर किंवा ओढ्याच्या वाळूत तिला नेताना एसयूव्ही या नावावर भिस्त ठेवणे योग्य ठरणार नाही. नाव काहीही असले, तरी ही खराब रस्त्यावर न घासणारी, उंच केलेली शहरी मोटार आहे, आणि तशी ती उत्तम आहे.

घाटातला अनुभव मला सर्वांत जास्त सांगायचा आहे, कारण हॅचबॅककडून आलेल्या चालकाला खरा फरक तिथे पडतो. नांदुरीपासून सप्तशृंगी गडावर चढणारा रस्ता वळणावळणाचा आणि सततच्या चढाचा आहे. गाडीत माणसे भरलेली असतानाही इंजिन खालच्या फेऱ्यांपासूनच ओढते. गिअरबॉक्स एक गिअर खाली येतो, क्षणभराने टर्बोचा जोर लागतो आणि गाडी निघते. त्या क्षणाचा अंदाज घेऊन पुढे जाण्यासाठी थोडी आधी तयारी करावी लागते. वळणात मात्र उंच गाडीचा झुकाव लक्षात येतो. वळणाच्या मधोमध ब्रेक दाबला, तर वजन पुढे आणि बाहेरच्या बाजूला जाते आणि मागे बसलेल्यांची डोकी हलतात. म्हणून वेग वळणाआधीच उतरवायचा, वळणात पाय हलका स्थिर ठेवायचा आणि बाहेर पडताना वेग द्यायचा, ही जुनी शिकवण उंच गाडीत दुपटीने लागू पडते. आईला पूर्वी घाटात मळमळत असे, ते अशा चालवण्याने बरेच कमी झाले.

घाट उतरताना मी गिअर लीव्हर मॅन्युअलवर घेऊन दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये ठेवतो. चारही चाकांना डिस्क ब्रेक असले, तरी सतत दाबून ठेवलेले ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक पकड सोडतात. इंजिनाने गाडी धरून ठेवली, की ब्रेक खऱ्या गरजेसाठी थंड राहतात. ऑटोमॅटिक गाडी घेतलेल्या अनेकांना आपल्या गाडीत ही सोय आहे, हेच कोणी दाखवलेले नसते, त्यामुळे ते संपूर्ण कसारा घाट फक्त ब्रेकवर उतरतात. डिलिव्हरीच्या दिवशी शोरूमने स्क्रीनवरची गाणी कशी लावायची ते सविस्तर दाखवले. त्याऐवजी दहा मिनिटे यासाठी दिली असती, तर ती जास्त कारणी लागली असती. मोठा चढ चढून थांबल्यावर इंजिन लगेच बंद न करता अर्धा-एक मिनिट चालू ठेवणे हेही टर्बो इंजिनासाठी हिताचे असते, कारण तापलेल्या टर्बोभोवती ऑइल फिरत राहते.

समृद्धी महामार्गावर आम्ही सिन्नरच्या बाजूने चढून संभाजीनगरकडे गेलो. मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटरचा हा मार्ग जून २०२५मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यावर पूर्ण झाला. सिमेंट काँक्रीटचा, सरळ आणि बराचसा एकसुरी रस्ता असल्यामुळे तिथे गाडीपेक्षा चालकाची आणि टायरांची परीक्षा असते. निघण्यापूर्वी टायर थंड असताना हवा तपासली. चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीत पूर्ण भारासाठी वेगळा दाब दिलेला असतो, तो पाहूनच भरावा, पंपावरच्या सवयीच्या आकड्याने नव्हे. मोटारींसाठी वेगमर्यादा १२० किलोमीटर असली, तरी मी १०० ते ११०च्या दरम्यानच राहिलो. त्या वेगात इंजिन शांत असते. मोकळ्या माळरानावर आडवा वारा आला, की उंच गाडीला तो बाजूने ढकलतो आणि स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरावे लागते, हे हॅचबॅकमध्ये मला इतके कधी जाणवले नव्हते.

याच प्रवासात अॅडास, म्हणजे चालकाला मदत करणारी यंत्रणा, पहिल्यांदा मनापासून वापरली. पुढच्या काचेमागचा कॅमेरा आणि पुढच्या बाजूचा रडार मिळून समोरच्या गाडीचे अंतर मोजतात, क्रूझ कंट्रोल त्याप्रमाणे वेग कमी-जास्त करतो, आणि पांढऱ्या पट्ट्या ओळखून गाडी लेनमध्ये राहावी यासाठी स्टिअरिंगला हलका रेटा मिळतो. समृद्धीवर पट्ट्या ठळक आणि वाहतूक विरळ असल्याने हे सर्व सुरेख चालते आणि लांबच्या प्रवासात उजव्या पायाला विश्रांती मिळते. त्र्यंबक रस्त्यावर मात्र मी लेन सांभाळणारी सोय बंद करतो. तिथे पट्टी मध्येच संपते, दुचाकी डावीकडून शिरते, बैलगाडीला वळसा घालावा लागतो, आणि यंत्रणेला तो वळसा म्हणजे लेन सोडणे वाटते. पुढे शिरलेल्या दुचाकीसाठी गाडी आपोआप ब्रेक लावते तेव्हा आपण वाचतो, पण मागून चिकटून येणाऱ्या वाहनाला त्याची कल्पना नसते. ही मर्यादा कोणत्याही कंपनीच्या अॅडासला आपल्या रस्त्यांवर भोगावी लागणार आहे. चालकाने कुठे ती वापरायची आणि कुठे नाही, हे ठरवले पाहिजे.

कॉम्पॅक्ट एसयूव्हींमधून हीच गाडी सुरक्षिततेसाठी म्हणून निवडली, असे मी अनेकांना सांगतो, तेव्हा तिला धडक चाचणीत मिळालेल्या ताऱ्यांचा अर्थही सांगतो. नोव्हेंबर २०२४मध्ये भारत एनकॅप या गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या कार्यक्रमाच्या चाचणीत ३एक्सओला प्रौढ प्रवाशांसाठी ३२पैकी २९.३६ आणि मुलांसाठी ४९पैकी ४३ गुण मिळून पाच तारे मिळाले. त्या चाचणीत समोरची धडक ताशी ६४ किलोमीटर वेगाने घेतली जाते. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे १२०च्या वेगाला ती ६४च्या तुलनेत साडेतीनपट होते. पाच तारे त्या वेगाचे अभय देत नाहीत. सहा एअरबॅग असल्या, तरी त्या सीटबेल्ट लावलेल्या शरीरासाठी आखलेल्या असतात. म्हणून मागच्या बाकावरही बेल्ट लावल्याशिवाय आमची गाडी हलत नाही, आणि मुलीची खुर्ची आयसोफिक्सच्या (मुलांची खुर्ची घट्ट अडकवण्यासाठी बाकातच दिलेल्या) कड्यांना मागेच बसवली आहे. मांडीवर मूल घेऊन पुढे बसण्याची आपल्याकडची सवय मला आता पाहवत नाही.

मायलेजबद्दल सर्व जण विचारतात. टाकी काठोकाठ भरून पुन्हा तशीच भरेपर्यंतचे अंतर मोजण्याच्या पद्धतीने शहरात लिटरमागे साधारण ११ किलोमीटर आणि समृद्धीवर, शंभराच्या आसपास वेग ठेवला तर, १५ ते १६ पडते. ४२ लिटरच्या टाकीला हे ठीक आहे, पण ज्यांना पेट्रोलचा खर्चच पहिला वाटतो त्यांनी टर्बो पेट्रोल ऑटोमॅटिकच्या वाट्याला जाऊ नये, हे स्पष्ट सांगितलेले बरे.

पहिली सर्व्हिस झाली. त्यात तपासणी, धुलाई आणि सॉफ्टवेअरचे अद्ययावतीकरण एवढेच होते. व्हील अलाइनमेंट (चाके सरळ रेषेत आणणे) मी स्वतः सांगून करून घेतले, कारण खोदलेल्या रस्त्यांवर गाडी फार फिरली होती. आता जूनमध्ये पाऊस सुरू होईल. कसारा आणि इगतपुरीच्या पट्ट्यात तेव्हा धुके इतके दाट असते की पुढच्या ट्रकचे लाल दिवेही उशिरा दिसतात. त्या धुक्यात कॅमेऱ्याला कितपत दिसते, ते मी आधी मोकळ्या रस्त्यावर, कमी वेगात पाहणार आहे. तोवर घाटात क्रूझ कंट्रोल बंद राहील आणि फॉग लॅम्प चालू.